बिनभिंतीचं दार

फोन आला तेव्हा कुंदा टेंबे एका जुन्या कॅमेऱ्याच्या शटरवरचं वाळलेलं तेल पेट्रोलच्या कापसानं पुसत होत्या. रविवार होता. सकाळचे साडेअकरा.

"मावशी, बाबा गच्चीवरून पडले." रुचिराचा आवाज आधी सरळ होता, मग फुटला. "गेले. पोलीस आलेत. तुम्ही या ना."

कुंदाताईंनी कापूस खाली ठेवला आणि तशाच ऑटोत बसल्या. जबलपूरच्या कांचघरहून गढ्यापर्यंत बोटांना पेट्रोलचा वास येत राहिला.

मुरलीधर दाणी शहात्तर वर्षांचे होते. फॅक्टरीत उपकरणांच्या विभागात नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर जुने कॅमेरे दुरुस्त करण्यात दिवस जायला लागले. कुंदाताई त्याच फॅक्टरीत लेन्सा तपासायच्या. पस्तीस वर्षं काचेतले बुडबुडे आणि चरे शोधले त्यांनी. मुरलीधरांची बायको हेमलता ही त्यांची मैत्रीण. ती जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी दर शनिवारी कुंदाताई मुरलीधरभाऊजींच्या टेबलाशी येऊन बसत. दोघं मिळून एखादं अडकलेलं यंत्र सोडवत. फार बोलणं नसे.

मागच्या आंगणात पांढरी चादर पसरली होती. ठाण्याचे टीआय, म्हणजे प्रमुख, अंजनी तिवारी खुर्चीवर बसून लिहून घेत होते.

"आप?"

"घर की ही समझिए. कुंदा टेंबे. कैमरे का काम साथ में करते थे हम."

"तब तो आप समझेंगी." तिवारींनी पेन वर गच्चीकडे केलं. "गले में कैमरा था. फोटो खींचते-खींचते पीछे हटे होंगे. मुंडेर देखिए, दो फुट की है. ऐसे केस हर साल आते हैं."

कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत होता. दोन डोळ्यांचा, वरून खाली बघायचा, चौकोनी जुना कॅमेरा. कुंदाताईंनी तो ओळखला. हेमलताचा होता. भाऊजी तो कधी कोणाला हात लावू देत नसत.

"देखूँ? खोलूँगी नहीं. सिर्फ देखूँगी."

तिवारींनी पिशवी पुढे केली. मागचं झाकण बंद होतं, खटका नीट बसलेला. वरची फोकसची काच पापडासारखी पातळ असते. तिला तडासुद्धा नव्हता. आणि समोरच्या दोन्ही लेन्सांवर एकेक चकती चढवलेली होती. साधी पारदर्शक काच वाटावी अशी.

कुंदाताईंनी पिशवी उजेडाकडे धरली, थोडी तिरपी केली, परत दिली.

"कैमरा कहाँ लटका था?"

"गले में, बताया तो. पट्टा गर्दन में."

त्या रुचिराकडे वळल्या. चाळिशीची, कॉलेजात शिकवणारी रुचिरा पायरीवर बसली होती. बाजूला भाजीची पिशवी तशीच पडली होती. मेथी कोमेजायला लागली होती.

"रुचिरा, भाऊजींचा मान दुखते म्हणून लावायचा पट्टा कुठे आहे?"

"आत, पलंगावर. सकाळी काढून ठेवतात थोडा वेळ." ती थांबली. "मावशी, डॉक्टरांनी मानेवर वजन घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. दोन वर्षांत त्यांनी कॅमेरा गळ्यात घातला नाही. मनगटाला गुंडाळायचे."

"साहेबांना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगू? ते म्हणतात, शौक माणसाला विसरायला लावतो."

कुंदाताई गच्चीवर गेल्या. घराच्या मागून बाहेरूनच जिना होता. आंगणातून मागच्या गल्लीत उघडणारं फाटक, फाटकाजवळून जिना. समोरच्या दाराशी कोणाला कळल्याशिवाय वर जाता येत होतं.

गच्चीवर जानेवारीचं ऊन पसरलं होतं. उत्तरेच्या कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची, तिच्या पाठीला टेकवलेली दुधी काच. काचेच्या वरच्या कडेला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. चिमट्यांत काही नव्हतं. खुर्चीसमोर, हातभर अंतरावर, तिपाई उभी होती. तिच्यावर कॅमेरा नव्हता.

भाऊजी पडले होते ते दक्षिणेच्या कठड्यावरून. तिपाईपासून सात पावलं.

खाली येऊन त्या तिवारींसमोर उभ्या राहिल्या.

"तिवारीजी, ये एक्सीडेंट नहीं है."

तिवारींनी लिहिणं थांबवलं.

"कैमरे पर जो काँच चढ़ी है, वो पास की चीज़ के लिए है. उसे लगाओ तो हाथ भर की दूरी पर सब साफ दिखेगा, उसके आगे कुछ नहीं. पहाड़ी, मकान, सड़क, सब धुआँ. वो काँच चढ़ाकर कोई दूर का फोटो नहीं खींचता. पीछे हटने का सवाल ही नहीं है."

"भूल गए होंगे उतारना."

"आप वर्दी का बटन लगाना भूलते हैं?"

तिवारींनी वहीत नवीन पान उलटलं.

*

दुसऱ्या दिवशी तिवारींना त्यांचा माणूस सापडला. म्हणजे बाई सापडली. चिन्मयी घाटे, तिशीतली, बँकेत नोकरी. सुट्टीच्या दिवशी जुन्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यांना जोडून व्हिडिओ काढायची आणि मोबाइलवर टाकायची. तिची स्कूटर रविवारी पावणेअकराला दाण्यांच्या दाराशी शेजाऱ्यांनी पाहिली होती. आणि दहा दिवसांपूर्वी ह्याच दारात ती आणि मुरलीधर एकमेकांवर ओरडले होते, हेही त्याच शेजाऱ्यांनी सांगितलं.

तिवारींनी तिला दाण्यांच्याच बैठकीत बसवलं. मराठी बोलणं झालं तर समजावं म्हणून कुंदाताईंना थांबवून घेतलं.

"झगड़ा किस बात का था?"

"लेन्सचा." ती कुंदाताईंकडे बघून बोलली. "काकांनी मला एक लेन्स वापरायला दिली होती. माझ्या कॅमेऱ्यावर बसत नव्हती, तर मी मागची कडी घासली. थोडीशीच. काका बहुत गुस्सा झाले. बोलले, पन्नास साल ती कडी कोणी घासली नाही, तुला एक व्हिडिओसाठी घासायची होती."

"काल काहून आली होतीस?" कुंदाताईंनी विचारलं.

"नवीन कडी बनवून आणली होती, लेथवाल्याकडून. सॉरी बोलायला." तिचे डोळे भरले. "बेल वाजवली, दोनदा. कोणी आलं नाही. वरून आवाज येत होते, म्हणून वाटलं काका फोनवर आहेत. लेन्स खिडकीत ठेवली आणि गेले."

लेन्स खिडकीत होती. रुमालात गुंडाळलेली. ती तिवारींनी आधीच पाहिली होती.

"काय ऐकलंस?"

"काकाच बोलून राहिले होते. एवढंच समजलं, 'तू स्वतः सांगशील, का मी सांगू?' दोनदा बोलले."

"आणि समोरचा?"

"समोरचं काही ऐकू नाही आलं."

कुंदाताईंनी ते हिंदीत सांगितल्यावर तिवारींनी तिला ठाण्यात यायला सांगितलं. वकील करा, म्हणाले.

ती गेल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "भाऊजी उसे 'तू' कहते थे. पर जिससे वो ये पूछ रहे थे, वो छत पर था. और ये नीचे घंटी बजा रही थी."

"ये वो कहती है," तिवारी म्हणाले. "'तू' तो वो बेटी को भी कहते थे."

रुचिरा दारातच उभी होती. तिनं ऐकलं. हातातला पाण्याचा तांब्या तिनं खाली ठेवून दिला.

कुंदाताईंनी तिला आत नेलं.

"रागावू नको. एक सांग. ह्या आठवड्यात घरात काही वेगळं झालं?"

"मागच्या रविवारी मी आईचं कपाट आवरलं. निगेटिव्हचा एक डबा निघाला, बिस्किटांचा. बाबांना दिला. त्यानंतर ते बोलेनासे झाले. जेवायचे नाहीत धड. मला वाटलं, आईची आठवण येऊन राहिली असेल."

"डबा कुठे आहे?"

डबा टेबलाच्या खणात होता. आत पातळ कागदाची पाकिटं, हेमलताच्या तिरक्या अक्षरात तारखा. एक पाकीट रिकामं होतं. त्यावर लिहिलं होतं: मे ९७, गढा, सकाळ.

कुंदाताईंनी ते अक्षर पुन्हा वाचलं आणि पाकीट होतं तसं डब्यात ठेवलं.

*

संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांत विष्णुपंत बक्षी सगळ्यांत शेवटपर्यंत बसले. रेल्वेतून निवृत्त, मुरलीधरांचे बालपणापासूनचे मित्र, आणि जबलपूरच्या मराठी माणसांत नाव असलेले छायाचित्रकार. नाव एका फोटोमुळे होतं. सत्त्याण्णवचा भूकंप रात्री झाला. दिवस उजाडल्यावर गढ्याच्या एका गल्लीतला तो फोटो. घराच्या चारही भिंती पडलेल्या. फक्त दाराची चौकट उभी. दाराला कुलूप. आणि एक म्हातारी कमरेची किल्ली काढून ते कुलूप उघडते आहे.

बाजूनं चालत गेली असती तरी आत पोचली असती ती. पण ती कुलूप उघडत होती.

तो फोटो वर्तमानपत्रांत आला, कॅलेंडरांवर आला, मराठी मंडळाच्या सभागृहात मोठा करून लावला गेला. येत्या रविवारी मंडळात विष्णुपंतांचा सत्कार होता, आणि त्यांच्या फोटोंचं पुस्तक निघणार होतं. मुखपृष्ठावर अर्थात तोच.

"सत्कार पुढे ढकला म्हटलं मी श्रीकांतला," विष्णुपंत म्हणाले. श्रीकांत म्हणजे मंडळाचे सचिव. "माझा मित्र गेला, मी शाल काय घेऊ? तर म्हणतो, हॉल बुक आहे. त्याचीही आठवण काढू म्हणतो."

"तुम्हाला कधी कळलं, पंत?" कुंदाताईंनी चहा पुढे केला.

"रुचिराचा फोन आला तेव्हा. बारा वाजता. मी कमानिया गेटला होतो, त्या शालवाल्याकडे. दहापासून तिथेच. रंग पसंत पडेना." त्यांनी चहात बोट बुडवून साय बाजूला केली. "पोलिसांनी कॅमेरा नेला म्हणे?"

"हो. आत रोल आहे. परवानगी मिळाली तर मी धुणार आहे."

"काहून त्रास घेऊन राहिलीस? काळी पट्टी निघेल हातात, दुसरं काय. सोड आता, कुंदा. गेला तो."

कुंदाताईंनी कप उचलले. मोरीत नेऊन एकेक विसळला. नंतर तिवारींना फोन लावला.

"रोल मुझे धोना है. अपना सिपाही भेजिए, सामने बैठे. लैब में भेजेंगे तो महीनों लगेंगे, और तब तक वो लड़की थाने के चक्कर काटेगी. एक बात और. कमानिया गेट का एक दुकानदार है. उससे पूछिए, इतवार को कौन कितने बजे आया."

*

मंगळवारी दुपारी कुंदाताईंनी न्हाणीघराच्या खिडकीला दोन घोंगड्या लावल्या. दारात महिला हवालदार बसली. पूर्ण अंधारात बोटांनी चाचपडत त्यांनी कॅमेरा उघडला, रोल काढला, डब्यात भरला. नंतर दिवा लावून रिकामा कॅमेरा पाहिला. आत, जिथे फिल्म ताणली जाते त्या चौकटीच्या डाव्या कडेला दोन बारीक खाचा होत्या. भाऊजींची ती नोकरीत असल्यापासूनची सवय होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या चौकटीला कानस लावून खूण करायची. कुठल्या कॅमेऱ्यानं कुठला फोटो काढला, ते निगेटिव्हच्या कडेवरून कळावं म्हणून.

अकरा मिनिटं रसायन, मग पाणी, मग दुसरं रसायन. झाकण काढून त्यांनी पट्टी वर उचलली.

काळी. वीतभर, दोन वीत, नुसती काळी.

हवालदार म्हणाली, "कुछ नहीं है, मैडम?"

"रुको."

पट्टीच्या एका टोकाला, गुंडाळीच्या अगदी आतल्या बाजूला, काळं हळूहळू विरळ होत गेलं होतं. तिथे एक चौकट वाचली होती. कडा करपलेल्या, मधलं शाबूत.

कुंदाताईंनी डोळ्याला भिंग लावलं. मग स्टुलावर बसल्या.

*

बुधवारी सकाळी दहा वाजता दाण्यांच्या बैठकीत पाच माणसं होती. तिवारी, रुचिरा, चिन्मयी, विष्णुपंत आणि कुंदाताई. चिन्मयी दाराजवळ, अंग चोरून. विष्णुपंत मुरलीधरांच्याच खुर्चीत.

"तिवारीजींना मी हिंदीत सांगितलंय," कुंदाताई म्हणाल्या. "आता मराठीत सांगते. पंत, तुम्ही रविवारी शालवाल्याकडे दहापासून होता?"

"सांगितलं ना एकदा."

"तो म्हणतो, तुम्ही सव्वाबाराला आलात. धापा टाकत."

"त्याचं घड्याळ."

"बरं. घड्याळ सोडू." त्यांनी टेबलावर कॅमेरा ठेवला. "भाऊजी गच्चीवर दूरचा फोटो काढत नव्हते. जवळची काच चढवली होती, तिपाई हातभरावर होती, समोर दुधी काच. दुधी काचेला मागून आभाळाचा उजेड. असं काय ठेवतात तिथे? निगेटिव्ह. जुन्या निगेटिव्हची नक्कल करून राहिले होते ते. हेमाच्या डब्यातली मे सत्त्याण्णवची पट्टी चिमट्यांत लावली होती. मी वर गेले तेव्हा ती नव्हती. कोणीतरी नेली."

"ही नेली असेल." विष्णुपंतांनी चिन्मयीकडे बघितलं. "तिलाच जुन्या गोष्टींचा सोस आहे."

"ती निगेटिव्हसाठी आली नव्हती. लेन्स परत करून गेली. आता कॅमेऱ्याचं बघा. भाऊजींना गळ्यात काही घालायची मनाई होती. ते पडल्यावर कोणीतरी तिपाईवरचा कॅमेरा काढला, खाली आणला आणि त्यांच्या गळ्यात अडकवला. म्हणून पापडासारखी काच शाबूत राहिली. फोटोच्या नादात म्हातारा गेला, असं वाटावं. पण त्याला एक कळलं नाही. चढवलेली चकती त्याला साधी काच वाटली. म्हणजे तो कॅमेरे हाताळणारा होता, पण स्वतः कधी उघडून बघणारा नव्हता. असे कोण? मी नाही. चिन्मयी नाही, ती लेन्सांच्याच नादी आहे."

विष्णुपंत हसले. "एवढ्यावर?"

"एवढ्यावर नाही. तुम्ही परवा मला म्हणालात, काळी पट्टी निघेल."

"म्हटलं असेल. मग?"

"भाऊजींसारख्या माणसाचा रोल काळा काहून निघेल, पंत? फोटो काढलाच नसेल तर फिल्म धुतल्यावर कोरी निघते. स्वच्छ, पारदर्शक. काढला असेल तर चित्र निघतं. पूर्ण काळी एकाच कारणानं निघते. कोणी उन्हात मागचं झाकण उघडलं तर. पोलिसांना कॅमेरा मिळाला तेव्हा झाकण बंद होतं, खटका लागलेला. ते मधे उघडलं गेलं होतं, हे मलाही माहीत नव्हतं. धुतल्यावर कळलं. तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं."

चिन्मयीनं श्वास आत घेतलेला ऐकू आला.

"पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती," कुंदाताई म्हणाल्या. "ह्या रोलच्या पाठीला काळा कागद असतो. झाकण उघडलं तर वरचे वेढे जळतात. सगळ्यांत आतला वाचू शकतो. पहिला फोटो वाचला."

त्यांनी पिशवीतून एक छापील फोटो काढला आणि टेबलावर सरकवला. एका पट्टीची नक्कल होती ती, तीन चौकटी ओळीनं. मधल्या चौकटीत म्हातारी, दार, कुलूप. सगळ्यांना पाठ असलेला फोटो.

डावीकडच्या चौकटीत तेच दार. म्हातारी अजून पोचली नव्हती. दाराच्या बाजूला, विटांच्या ढिगावर, पन्नाशीला टेकलेला एक माणूस उभा होता. गळ्यात स्वतःचा छोटा कॅमेरा, तोंड दुसरीकडे. सिगारेट पेटवत होता.

रुचिरानं फोटो उचलला. मग विष्णुपंतांकडे बघितलं.

"हे तुम्ही आहात, काका."

"तिन्ही चौकटींच्या डाव्या कडेला दोन खाचा आहेत," कुंदाताई म्हणाल्या. "ह्या कॅमेऱ्याच्या. हेमाच्या. त्या दिवशी भाऊजी फॅक्टरीत अडकले होते. तुम्ही आणि हेमा गल्लीत होता. म्हातारी किल्ली काढत होती तेव्हा तुम्ही सिगारेट पेटवत होता, पंत. हेमानं फोटो काढला. रोल धुवून देतो म्हणून तुम्ही घरी नेला, त्याची नक्कल ठेवून घेतली आणि पट्टी तिला परत केली. तिला वाटलं, छापताना तुम्ही तिचं नाव द्याल."

"मुरली सत्कारात सांगणार होता," विष्णुपंत म्हणाले.

आवाज एकदम म्हातारा झाला होता. तिवारींना शब्द कळले नाहीत, पण ते पुढे सरकून बसले.

"त्यानं बोलावलं मला. पट्टी दाखवली. म्हणे, तू स्वतः सांगशील, का मी सांगू? मी म्हटलं, मुरली, ती गेली आहे. तिला आता काय करायचं त्या फोटोचं? मी जिवंत आहे. मला चार दिवस राहू दे. तर म्हणतो, चार दिवस तू अठ्ठावीस वर्षं राहिलास. वळून परत पट्टीकडे निघाला. मी हात धरला. त्यानं झटकला. मग मी..." ते थांबले. "ढकलला. खोटं काहून बोलू. ढकलला."

"आणि पट्टी?" रुचिरानं विचारलं.

"गॅसवर धरली. दोन सेकंदांत गेली."

"एका फोटोसाठी?"

विष्णुपंतांनी तिच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

"साठ वर्षं फोटो काढले मी, रुचिरा. नर्मदा काढली, मेळे काढले, लग्नं काढली. हजारो. त्या पुस्तकात एकशे दहा आहेत. श्रीकांतनं आणून दाखवलं, तर प्रत्येक जण पानं उलटून त्याच एकावर थांबतो. बाकीचे एकशे नऊ माझे आहेत. ते कोणाला नको आहेत." त्यांनी तोंड पुसलं. "तुझ्या आईनं आयुष्यात चार रोल काढले असतील."

तिवारी उठले. "चलिए, बक्षी जी."

विष्णुपंत उठताना खुर्चीचा हात धरून उठले. चिन्मयीनं त्यांना वाट दिली आणि त्यांच्या चपला पायाशी सरकवून दिल्या, सवयीनं, कोणीही वडीलधारा निघाला की देतात तशा. मग तिच्या लक्षात आलं आणि ती रडायला लागली.

*

दुपारी मंडळातून श्रीकांतरावांचा फोन आला. रुचिरानं स्पीकरवर घेतला. त्यांना फार वाईट वाटत होतं. सत्कार रद्द झाला होता, पुस्तक थांबवलं होतं, आणि सभागृहातला तो मोठा फोटोही सध्या उतरवला होता.

"आईचं नाव घालून परत लावाल ना?"

"बघू ना, ताई. समितीत मांडू. पण आता त्या फोटोला खुनाचा डाग लागला ना. लग्नकार्यं असतात तिथे. लोक म्हणतात, वाद नको."

रुचिरानं फोन ठेवला. टेबलावरची नक्कल जवळ ओढली. मग उजवीकडच्या चौकटीवर तिनं बोट ठेवलं. त्या चौकटीकडे सकाळपासून कोणी लक्ष दिलं नव्हतं. दार उघडलं होतं. म्हातारी आत जाऊन मलब्यात उकिडवी बसली होती, कॅमेऱ्याकडे बघत. आणि तिच्यासमोर जमिनीवर फोटो काढणाऱ्या बाईची सावली पडली होती. डोक्यावरून पदर, दोन्ही हात छातीशी, खाली वाकलेली मान.

"मावशी, एवढी वर्षं आई गप्प राहिली? कोणालाच बोलली नाही?"

कुंदाताईंना ह्या प्रश्नाची भीती होती. सोमवारी ते रिकामं पाकीट हातात आल्यापासून होती.

"बोलली होती."

"कोणाला?"

"भाऊजींना. हेमानंच मला सांगितलं, ते तिला म्हणाले, विष्णू असा नाही, तुझ्या रोलमध्ये तसाच कुठला फोटो असेल, दोघं एकाच जागी होता तुम्ही. पट्टी बघायलाही मागितली नाही त्यांनी. मागच्या आठवड्यात पाहिली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. म्हणून जेवत नव्हते ते."

कुंदाताईंचं बोलणं अजून संपलं नव्हतं, हे रुचिराला दिसत होतं.

"आणि मला. तो फोटो पेपरात आला त्या आठवड्यात. फॅक्टरीच्या कँटीनमध्ये भेटायला आली. म्हणाली, कुंदा, तो माझा आहे. दार उघडताना मीच काढला. मी तुला पट्टी आणून दाखवते."

"मग?"

"मी हसले." कुंदाताईंनी हात मांडीवर ठेवले. "म्हटलं, हेमा, तुला तर अजून फोकस धड करता येत नाही. तिनं पट्टी आणली नाही. परत कधी विषयही काढला नाही. मीही विचारलं नाही. काचेतला केसाएवढा चरा सापडायचा मला, रुचिरा. रोज."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. रुचिरानं नक्कल उचलून पाकिटात घातली, ते पाकीट डब्यात ठेवलं आणि डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

"दर शनिवारी येत होतात तुम्ही," ती म्हणाली. "पंधरा वर्षं. बाबांच्या समोर बसत होतात. दोघांनाही माहीत होतं, ती काय म्हणाली होती."

"हो."

"आता जा, मावशी."

कुंदाताई उठल्या. पर्स घेतली. दाराशी त्यांनी वळून काही म्हणायला तोंड उघडलं, पण रुचिरा डबा घेऊन आतल्या खोलीत गेली होती. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि ऑटो शोधायला रस्त्यावर आल्या.